दोन वाटांचा यात्री : ब्लॅक एल्क

इ. स. १८८७ मध्ये इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडन शहर सजले. त्याच सुमारास अमेरिकेतून 'बफेलो बिल' या नावाने विख्यात असलेल्या विल्यम कोडी यांचा घोडेस्वारांचा, गव्यांचा आणि लुटुपुटीच्या लढायांचा प्रचंड खेळ तेथे आला होता. ११ मे रोजी राणी स्वतः तो पाहावयास आली. तिच्यापुढे नाचणाऱ्यांमध्ये तेवीस वर्षांचा एक तरुण होता. गोऱ्या लोकांचे बळ कोठून येते, त्यांच्यापाशी आपल्या लोकांच्या उपयोगी पडेल असे काही आहे काय, हे शोधण्यासाठी तो समुद्र ओलांडून आला होता. त्याच्या भाषेत त्याचे नाव हेहाका सापा. इंग्रजीत ब्लॅक एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला, त्याहूनही थोर देहाचा प्राणी. हेहाका सापा म्हणजे काळा एल्क.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या दूरदेशीच्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभी देत नाही. चरित्रच ते देईल अशी आमची समजूत आहे.

लहानपणी चित्रपटांतून आणि गोष्टींच्या पुस्तकांतून ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो, ते अमेरिकेचे मूळ रहिवासी एका जातीचे वा एका भाषेचे नव्हेत. त्यांची शेकडो राष्ट्रे होती आणि प्रत्येकाची भाषा व देवधर्म निराळा होता. त्यांपैकी उत्तरेकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात, गव्यांच्या कळपांमागून फिरणारे लाकोटा हे एक राष्ट्र. त्यांच्या ओग्लाला शाखेत, लिटल पावडर नदीच्या काठी, डिसेंबर १८६३ मध्ये ब्लॅक एल्क यांचा जन्म झाला. घराण्यात वैद्यकी आणि देवऋषीपण परंपरेने चालत आले होते. वडिलांचेही नाव ब्लॅक एल्क, आणि तेही उपचार करणारे होते. लाकोटांचा सुप्रसिद्ध सेनानी क्रेझी हॉर्स हा या कुटुंबाचा नातलग.

मूल नऊ वर्षांचे असताना एकाएकी आजारी पडले. हातपाय सुजले, चेहरा सुजला, आणि बारा दिवस ते निपचित पडून राहिले. आईबापांनी आशा सोडली होती. त्या बारा दिवसांत मुलाने जे पाहिले ते त्याच्या सबंध आयुष्याचे भांडवल झाले. ढगांतून दोन पुरुष बाणासारखे खाली आले आणि त्याला वर घेऊन गेले. चार दिशांना चार रंगांचे, बारा बारा घोडे उभे होते. इंद्रधनुष्याचे दार असलेल्या मेघांच्या तंबूत सहा आजोबा बसले होते. चार दिशांचे चार, पाचवा आकाशाचा आणि सहावा पृथ्वीचा. पश्चिमेच्या आजोबांनी पाण्याने भरलेले लाकडी पात्र आणि धनुष्य दिले. उत्तरेच्या आजोबांनी रोगनिवारक वनस्पती दिली. पूर्वेच्या आजोबांनी पवित्र चिलीम दिली. दक्षिणेच्या आजोबांनी पालवी फुटलेली तांबडी काठी दिली. दोन रस्ते दाखविण्यात आले : उत्तर-दक्षिण जाणारा तांबडा, तो कल्याणाचा, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा काळा, तो संकटांचा. मग एका उत्तुंग शिखरावरून मुलाने पाहिले, की आपल्या लोकांचे एक कडे आहे. परंतु तेवढेच नाही. पृथ्वीवरील सर्व लोकांची अशी अनेक कडी आहेत, ती मिळून एकच महान वर्तुळ झाले आहे, आणि मध्ये एक बहरलेले झाड सर्वांवर सावली धरून उभे आहे.

मूल बरे झाले, पण अबोल झाले. एवढ्या लहान तोंडाने एवढी मोठी गोष्ट कोणाला सांगावी? आठ वर्षे त्याने ती मनात दाबून ठेवली. लाकोटांच्या श्रद्धेनुसार मिळालेले दर्शन लोकांसमोर साकार केले नाही तर ते दर्शन घेणाऱ्यालाच जाळू लागते. मेघ गडगडले की मुलगा भीतीने थरथरे. आजोबा आपल्याला बोलावीत आहेत असे त्याला वाटे. अखेर १८८१ मध्ये ब्लॅक रोड नावाच्या वृद्ध जाणत्यापाशी त्याने मन मोकळे केले, आणि त्याच्या सल्ल्याने चार रंगांच्या घोड्यांचा नाच साऱ्या वस्तीसमोर करण्यात आला. तेव्हा कोठे त्याच्या मनाचा दाह शमला. त्यानंतर तो उपचार करू लागला. आपल्याकडील आदिवासी पाड्यांवर भगत आणि वैदू यांची जी दोन कामे असतात, ती दोन्ही त्याच्याकडे आली.

मधल्या वर्षांत लाकोटांचे जग कोसळत होते. १८६८ च्या तहाने 'ब्लॅक हिल्स' ही त्यांची पवित्र डोंगररांग त्यांच्याकडे राहील असे अमेरिकेच्या सरकारने मान्य केले होते. १८७४ मध्ये तेथे सोने असल्याचा बोभाटा झाला आणि तहाचा कागद निरर्थक ठरला. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी लाकोटा आणि त्यांचे मित्र शायेन यांनी सेनापती कस्टर व त्याच्या हाताखालचे दोनशेहून अधिक शिपाई कापून काढले. बारा वर्षांचा ब्लॅक एल्क त्या रणांगणावर होता. एका वडीलधाऱ्या योद्ध्याच्या सांगण्यावरून त्याने घायाळ शिपायाची कवटीवरची कातडी कापून घेतली. ही गोष्ट त्याने पुढे कधी लपविली नाही, आणि आम्हीही लपवीत नाही. विजय अल्पकाळचा ठरला. पुढल्याच वर्षी ब्लॅक हिल्स कायद्याने हिरावून घेण्यात आल्या. सप्टेंबर १८७७ मध्ये क्रेझी हॉर्स कैदेत मारला गेला. ब्लॅक एल्क यांचे कुटुंब काही काळ कॅनडात आश्रयाला गेले, आणि परतले तेव्हा मोकळ्या माळरानाऐवजी सरकारने आखून दिलेली राखीव वस्ती आणि शिधावाटपाची रांग त्यांच्या वाट्याला आली. १८८३ पासून सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारखे विधी आणि देवऋषींचे उपचार यांवर बंदी आली. जे करतील त्यांचा शिधा बंद अथवा कैद. म्हणजे एखाद्या समाजाने आपला देव आळवणे हाच गुन्हा ठरला.

अशा काळात ब्लॅक एल्क बफेलो बिलच्या खेळाबरोबर परदेशी गेले. १८८८ मध्ये मँचेस्टर येथे चुकामूक होऊन ते आणि काही सोबती मागेच राहिले. खेळाची मंडळी जहाजावर चढून निघून गेली. इंग्रजी जेमतेम, गाठीला पैसा नाही, आणि मध्ये महासागर. दुसऱ्या एका खेळात नोकरी धरून त्यांनी युरोपात दिवस काढले. पॅरिसमध्ये ते आजारी पडले. एके दिवशी शुद्ध हरपली आणि आपण ढगावर बसून घरी जात आहोत, खाली आईचा तंबू दिसत आहे, असे त्यांना दिसले. आईने वर पाहिले, पण खाली उतरता आले नाही. घर सोडून दूर राहिलेल्या कोणाही माणसाला हे स्वप्न परके वाटणार नाही. १८८९ मध्ये बफेलो बिल पुन्हा भेटले आणि त्यांनी परतीचे तिकीट काढून दिले.

या प्रवासाचे एक फळ फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १८८९ च्या अखेरीस एका मिशनच्या लाकोटा भाषेतील नियतकालिकात ब्लॅक एल्क यांचे पत्र छापले गेले. गोऱ्यांच्या अनेक चालीरीती आपण पाहिल्या, त्यांतील त्यांची देवावरील श्रद्धा तेवढी आपल्याला घेण्याजोगी वाटली, अशा आशयाचे ते पत्र आहे. प्रीतीविषयी संत पॉलने करिंथकरांस जे लिहिले त्याचा त्यात आधार आहे, आणि येशूला जेथे मारले ती भूमी पाहण्याची इच्छा होती पण मार्ग लांबचा निघाला, अशी खंतही आहे. ख्रिस्ताचे नाव त्यांच्या मनात शिरले ते धाकाने किंवा शिध्याच्या लोभाने नव्हे. हे पत्र त्याची साक्ष देते.

घरी परतले तो उपासमार आणि रोगराई यांनी वस्ती खंगली होती. अशात पश्चिमेकडील नेवाडा प्रांतातून वोवोका नावाच्या पायूट जातीच्या द्रष्ट्याचा निरोप आला : नाचा, प्रार्थना करा, म्हणजे मेलेले आप्त परततील, गवे परततील, धरणी नवी होईल. या 'प्रेतनृत्या'कडे ब्लॅक एल्क प्रथम संशयाने पाहत होते. पण रिंगणाच्या मध्ये रोवलेले झाड पाहिले आणि त्यांना आपल्या बालपणीच्या दर्शनातले झाड आठवले. ते नाचले. नाचता नाचता मूर्च्छा आली आणि त्यांना एक पुरुष दिसला. झाडाला पाठ टेकून, हात पसरून तो उभा होता. केसांत गरुडाचे पीस. तो गोराही नव्हता आणि त्यांच्या लोकांपैकीही नव्हता. मूळ टिपणांत तर त्याच्या तळहातांवर जखमा दिसल्याची नोंद आहे. क्रूसावरचा येशू आणि लाकोटांचे बहरणारे झाड यांची भेट कोणा पाद्र्याने घडविली नव्हती. ती या माणसाच्या अंतरंगात अशी आपोआप झाली होती.

सरकारला मात्र या नाचात बंडाचा वास आला. १५ डिसेंबर १८९० रोजी वृद्ध नेते सिटिंग बुल यांना पकडावयास गेलेल्या पोलिसांनीच ठार केले. २९ डिसेंबर रोजी वुंडेड नी नाल्याकाठी बिग फूट यांच्या शरण आलेल्या जमावाची शस्त्रे काढून घेत असताना गोळी सुटली, आणि सातव्या घोडदळाने तोफांचा भडिमार केला. अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले फार. तोफांचा आवाज ऐकून ब्लॅक एल्क घोड्यावरून धावले. नाल्याच्या घळीत प्रेतांचे ढीग त्यांनी पाहिले. एकटे पडलेले एक तान्हे मूल त्यांनी उचलून सुरक्षित नेले. दुसऱ्या दिवशी जवळच, जेझुइट पाद्र्यांच्या होली रोझरी मिशनच्या परिसरात चकमक झाली आणि एक गोळी त्यांच्या पोटाला फाडून गेली. फाटक्या घोंगडीच्या पट्टीने आतडी आत बांधून ते पुन्हा लढावयास निघाले होते, थोरांनी आवरले. ज्या मिशनच्या छायेत त्यांचे रक्त सांडले, त्याच मिशनच्या दारी चौदा वर्षांनी ते स्वतः चालत जाणार होते.

येथे बहुतेक लोकांच्या माहितीतले ब्लॅक एल्क संपतात. परंतु ते तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या आयुष्याची आणखी साठ वर्षे शिल्लक होती.

१८९२ मध्ये केटी वॉर बोनेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तीन मुलगे झाले आणि तिघांनाही कॅथलिक बाप्तिस्मा देण्यात आला. वडील मात्र ढोल आणि खुळखुळा घेऊन रोग्यांच्या घरी जातच होते. १९०३ मध्ये पत्नीचे निधन झाले. पुढील वर्षाची हकीकत त्यांची कन्या लूसी यांनी सांगून ठेवली आहे. नोव्हेंबर १९०४ मध्ये एका आजारी मुलावर उपचार चालू असता जेझुइट फादर लिंडेबनर तेथे आले. त्या मुलाचा बाप्तिस्मा आधीच झाला होता. फादरांनी ढोल आणि खुळखुळा उचलून बाहेर फेकला आणि ब्लॅक एल्क यांना मानेला धरून तंबूबाहेर काढले. मुलाला अंतकाळचा संस्कार देऊन फादर बाहेर आले, तो ब्लॅक एल्क खिन्न मनाने तेथेच बसलेले. फादरांनी त्यांना आपल्याबरोबर मिशनवर चलण्यास सांगितले आणि ते गेले. दोन आठवड्यांच्या शिकवणीनंतर ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलस यांच्या सणाच्या दिवशी, त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणून त्यांचे नाव निकोलस ब्लॅक एल्क.

ही हकीकत वाचून आम्ही फार काळ अस्वस्थ होतो. दुसऱ्याची पूजासामग्री फेकून देणे ही काही धर्माची रीत नव्हे. अपमान झालेला माणूस अपमान करणाऱ्यामागून गेला, यात त्याचा पराभव पाहावा की आणखी काही? परंतु पुढल्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे केवळ पराभूत माणूस असे वागेल हे पटत नाही. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. तरी लाकोटा भाषेतील बायबलचे उतारेच्या उतारे त्यांनी मुखोद्गत केले. १९०७ पासून ते कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, म्हणून काम करू लागले. फादर महिन्यातून एखाद्या वेळी येणार. एरवी रविवारची प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस, मृतांना मूठमाती हे सारे याच माणसाने करावयाचे. मानधन तुटपुंजे. लाकोटा कॅथलिक वृत्तपत्रात ते आपल्या भाषेत पत्रे लिहीत, आणि दूरदूरच्या अरापाहो, विनेबागो इत्यादी लोकांत प्रचाराला जात. त्यांच्यामुळे सुमारे चारशे माणसे ख्रिस्ती झाली असा एका जेझुइट पाद्र्याचा अंदाज होता. शंभराहून अधिक मुलांचे ते धर्मपिता झाले. त्यांनी ॲना ब्रिंग्ज व्हाइट यांच्याशी दुसरा विवाह केला होता. लूसी ही या विवाहाची कन्या.

शिकविण्यासाठी त्यांच्याजवळ एक लांबच लांब रंगीत चित्रपट असे. कॅनडातील फादर लाकोंब यांनी मूळ रहिवाशांसाठी असे चित्रपट प्रचारात आणले होते. आपल्याकडे चित्रकथी पोथीतली चित्रे एकेक दाखवीत कथा सांगतो, तसेच काहीसे हे साधन. सृष्टीच्या आरंभापासून न्यायाच्या दिवसापर्यंतची कथा त्यावर रेखाटलेली, आणि खालून वरपर्यंत दोन रस्ते : एक सोनेरी, स्वर्गाकडे जाणारा, दुसरा काळा, नरकाकडे जाणारा. नवव्या वर्षी मेघांतून ज्याने तांबडा आणि काळा रस्ता पाहिला, त्या माणसाने हा पट प्रथम उलगडला तेव्हा त्याला काय वाटले असेल! पाद्र्यांना वाटे की आपण याला नवे काही शिकवीत आहोत. त्याला बहुधा वाटले असेल, की हे तर मी पूर्वीच पाहिले आहे.

आपल्या महाराष्ट्राला आणि गोव्याला हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत घातली, आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक अभंगातून आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगत राहिले. ज्ञानेश्वर-तुकारामांचा हात त्यांनी सोडला नाही. भेद आहे तो असा : टिळकांना आपला वारसा उघडपणे मिरविता आला. ब्लॅक एल्क यांच्या देशात मात्र त्यांची चिलीम आणि त्यांचे सूर्यनृत्य कायद्याने निषिद्ध होते. ख्रिस्ती झाल्यानंतर पंचवीस वर्षे त्यांनी आपल्या दर्शनाविषयी अक्षर काढले नाही. लूसीलाही वडिलांनी बालपणी काय पाहिले याची कल्पना नव्हती.

ते मौन सुटले ते १९३० मध्ये. नेब्रास्का प्रांतातील कवी जॉन निहार्ट हे आपल्या महाकाव्यासाठी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करीत फिरत होते. मँडरसन गावाजवळच्या झोपडीत एक अर्धांध म्हातारा भेटला, आणि त्याने पाहुण्याला आपले अंतःकरण उघडून दाखविण्याची तयारी दर्शविली. मे १९३१ मध्ये निहार्ट आपल्या दोन मुलींसह पुन्हा आले. म्हातारा लाकोटात सांगे, मुलगा बेन त्याचे इंग्रजी करी, आणि निहार्ट यांची कन्या एनिड लघुलिपीत उतरवून घेई. या बेनविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याला पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या शाळेत पाठविण्यात आले होते. मुलांचे केस कापून, त्यांच्या मातृभाषेवर बंदी घालून त्यांना 'सुधारण्या'साठीच ती शाळा काढलेली होती. ज्या मुलाच्या जिभेवरून लाकोटा पुसून टाकण्याचा खटाटोप झाला, त्याच मुलाच्या जिभेवरून त्याच्या बापाचे दर्शन जगाला मिळाले. भाषा गेली असती तर तेही गेले असते. दूरदेशी मुलांना मराठी शिकविण्यासाठी रविवारी सकाळी धडपडणाऱ्या आईबापांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

सांगणे संपल्यावर म्हाताऱ्याच्या इच्छेवरून सर्वजण ब्लॅक हिल्समधील सर्वोच्च शिखरावर गेले. दर्शनातले शिखर तेच होते. सात हजार फुटांहून अधिक उंचीवर उभे राहून ब्लॅक एल्क यांनी सहा आजोबांची करुणा भाकली : आपल्याला दिलेले काम आपल्या हातून पुरे झाले नाही, झाड सुकले आहे, पण एखादे मूळ जिवंत असेल तर त्याला पाणी मिळो. दुष्काळाचे दिवस होते आणि आकाश निरभ्र होते. तरीही विरळ ढग जमून किंचित पाऊस पडला, असे निहार्ट यांनी लिहून ठेवले आहे.

१९३२ मध्ये 'ब्लॅक एल्क स्पीक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ सुंदर आहे, परंतु एका अर्थी अपुरा आहे. तो १८९० च्या हत्याकांडापाशी थांबतो. कॅटेकिस्ट निकोलस त्यात कोठेच नाही. अखेरीस स्वप्न विरल्याची जी हृदयद्रावक वाक्ये ठिकठिकाणी उद्धृत होतात, ती कवी निहार्ट यांच्या लेखणीची आहेत. १९८४ मध्ये रेमंड डिमॅली यांनी मूळ लघुलिपी टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा हे स्पष्ट झाले. कवीला एका संस्कृतीची शोकांतिका लिहावयाची होती. त्या शोकांतिकेत जपमाळ घेऊन रविवारी उपदेश करणारा म्हातारा बसत नव्हता.

मिशनच्या पाद्र्यांना हा ग्रंथ वाचून धक्का बसला. आपला सर्वांत भरवशाचा धर्मशिक्षक मनातून जुन्याच देवांचा काय? जानेवारी १९३४ मध्ये ब्लॅक एल्क यांनी एका निवेदनावर सही केली : आपण खरे कॅथलिक आहोत, जुन्या विधींहून ख्रिस्ताचा मार्ग श्रेष्ठ मानतो, आणि आपल्या आयुष्याचा हा मोठा भाग ग्रंथात आला नाही. वाचकाला वाटावे की येथे निकाल लागला. पण लागला नाही. त्याच वर्षी सरकारने विधींवरील बंदी उठविली, आणि पुढील उन्हाळ्यांत हेच वृद्ध गृहस्थ ब्लॅक हिल्समध्ये प्रवाशांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत पवित्र चिलीम, उपचार, सूर्यनृत्य यांची प्रात्यक्षिके दाखवू लागले. जे कालपर्यंत गुन्हा होते ते आता तिकीट लावून पाहण्याचा खेळ झाले होते. परंतु त्या निमित्ताने तरुण लाकोटांच्या डोळ्यांसमोर ते विधी पुन्हा आले.

१९४७-४८ च्या हिवाळ्यात जोझेफ एप्स ब्राउन हे तरुण अभ्यासक त्यांच्याजवळ येऊन राहिले, आणि त्यांना ब्लॅक एल्क यांनी लाकोटांच्या सात विधींचे विवरण सांगितले. ते १९५३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, 'द सेक्रेड पाइप' या नावाने प्रसिद्ध झाले. कॅथलिकांचेही संस्कार सातच. विधींची संख्या आणि रचना यांमागे धर्मशिक्षकाचा जुना सराव असावा असे अभ्यासकांना वाटते. प्रास्ताविकात ते म्हणतात ते साधेच आहे : देवाने गोऱ्यांकडे आपला पुत्र पाठविला, आणि आमच्याकडे चिलीम घेऊन श्वेत गव्याची देवी पाठविली, युगाच्या शेवटी दोघांचेही पुनरागमन व्हावयाचे आहे.

मग ते खरोखर कोण होते? या प्रश्नावर पुस्तकांची रास पडली आहे. कोणी म्हणतात, त्यांचे ख्रिस्तीपण म्हणजे जुलमाच्या काळात पांघरलेले घोंगडे. कोणी म्हणतात, निहार्टला सांगितले ते म्हातारपणचे स्मरणरंजन. गंमत अशी, की दोन्ही पक्षांचा साक्षीदार एकच : लूसी. जेझुइट अभ्यासक मायकेल स्टेल्टेनकँप यांना लूसी यांनी आपले वडील शेवटपर्यंत निष्ठावंत कॅथलिक होते असे आग्रहाने सांगितले. उलट निहार्ट यांच्या कन्या हिल्डा यांनी लिहून ठेवले आहे, की मृत्यूपूर्वी वडिलांनी चिलिमीच्या धर्मावरच आपला खरा विश्वास असल्याचे सांगितले, असे लूसी त्यांना म्हणाल्या. आणि कॅथलिक संस्कारात वाढलेल्या या लूसी यांनीच पतीच्या निधनानंतर उतारवयात स्वतः पवित्र चिलीम धारण केली. बापाने जी वाट एका दिशेने चालली, ती लेकीने दुसऱ्या दिशेने चालून पाहिली. दोघांच्या वाटा मध्ये कोठेतरी एकमेकींस भेटल्या.

आमचे मत विचाराल तर दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. एका माणसाने दोन गोष्टींवर मनापासून प्रेम केले, आणि विचारणाऱ्याला ज्याची तहान त्याप्रमाणे त्याला उत्तर मिळाले. कोणी त्यांना तराजूत घालून किती लाकोटा आणि किती कॅथलिक असे तोलू गेला की त्याचे माप चुकते. नवव्या वर्षीच्या दर्शनात त्यांनी अनेक कडी पाहिली होती आणि ती मिळून एकच वर्तुळ झालेले पाहिले होते. त्यांनी जन्मभर जे केले ते त्या दृश्याला सोडून नव्हते. मात्र या समन्वयाची किंमत त्यांना मोजावी लागली, हेही विसरता कामा नये. पंचवीस वर्षांचे मौन, ज्यांच्यासाठी राबले त्यांचा संशय, आणि आपले काम अपुरे राहिले हे जन्मभराचे शल्य. असे मूल्य देऊन हा माणूस दोन वाटांवर उभा राहिला.

१९ ऑगस्ट १९५० रोजी मँडरसन येथे ब्लॅक एल्क यांचा अंत झाला. आपण जाऊ तेव्हा आकाशात काही खूण दिसेल असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांच्या देहाजवळ जागर चालू असता त्या रात्री उत्तरेकडील आकाश विलक्षण प्रकाशाने उजळून गेले, अशी आठवण मिशनमधील एका धर्मबंधूने आणि लाकोटा मंडळींनी सांगितली. खगोलशास्त्रज्ञ त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतील. म्हणोत, जागराला बसलेल्यांना जे दिसले ते त्यांनी पाहिले. सेंट ॲग्नेस चर्चच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

पुढची कथा त्यांच्या हयातीत कोणाला खरी वाटली नसती. १९६१ मध्ये ग्रंथाची पुन्हा आवृत्ती निघाली आणि नव्या पिढीने तो उचलून धरला. १९७८ मध्ये अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स अन्यायाने घेतल्या गेल्याचे मान्य करून भरपाईचा निर्णय कायम केला. लाकोटांनी ती रक्कम घेतलेली नाही, कारण त्यांना पैसे नकोत, डोंगर हवे आहेत. ज्या शिखरावर म्हाताऱ्याने करुणा भाकली होती, त्याला लाकोटांची कत्तल करणाऱ्या सेनापती हार्नी यांचे नाव होते. ऑगस्ट २०१६ मध्ये ते बदलून 'ब्लॅक एल्क शिखर' असे करण्यात आले. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये रॅपिड सिटीच्या धर्मप्रांताने त्यांना संतपद मिळावे म्हणून रीतसर कार्य आरंभिले. ज्याचा ढोल पाद्र्याने बाहेर फेकला होता, त्याला त्याच चर्चने 'देवाचा सेवक' ही पहिली पायरी दिली.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत आपणही दोन अंगणांत उभे राहून पाहिले आहे. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर दुसरी भाषा. आपला गणपती आणि शेजाऱ्यांचा सण. इथले पाणी गोड लागले म्हणून तिथल्या नदीला विसरायचे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने कधी ना कधी सोडविला आहे. आपल्यावर बंदी आली नाही, आपला ढोल कोणी बाहेर फेकला नाही. आपले ओझे त्या मानाने फार हलके. तरीही मुले मोठी होऊन आपण नेमके कोण, असे विचारतात, तेव्हा एकच उत्तर देण्याची घाई करू नये, असे हे चरित्र आम्हांस शिकविते. आपल्या कड्यात पाय रोवून उभे राहावे आणि शेजारचे कडे आपल्या कड्यात गुंफू द्यावे. मूळ जिवंत असेल तर झाडाला पालवी फुटते. ज्या मातीत आपण आहोत त्या मातीतही फुटते.